एकच वर्ग, दोन उत्तरायुष्ये

भंडाऱ्याच्या एका महाविद्यालयातून २००१ साली पदवीधर झालेल्या आमच्या वर्गाचा मेळावा गेल्या हिवाळ्यात भरला होता. आम्ही प्रवेश घेतला तेव्हा गोंदिया, तिरोडा, देवरीकडची मुलेही याच जिल्ह्याची होती. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि एका बाकावर बसणारे दोघे दोन जिल्ह्यांचे रहिवासी ठरले. त्या वेळी तो थट्टेचा विषय होता. सरकारी आदेशातील तारखा पुढेही आमची अशीच वाटणी करीत राहतील, याची कल्पना मात्र कोणालाच नव्हती.

मेळाव्यात प्रत्येकाने उभे राहून आपण सध्या काय करतो ते सांगितले. कोणी माध्यमिक शिक्षक, कोणी जिल्हा परिषदेत लिपिक, कोणी तुमसरच्या राइस मिलमध्ये मुनीम. तर कोणी पुण्याची खाजगी नोकरी २०२० च्या टाळेबंदीत गमावून घरच्या धानशेतीवर परतलेला. टाळ्यांचा आवाज नोकरीच्या प्रतीप्रमाणे कमीजास्त होत होता. समारोपात एका यशस्वी मित्राने सांगितले, "ज्याने कष्ट केले तो पुढे गेला, ज्याने आळस केला तो मागे राहिला." सभागृहाने मान डोलावली. प्रस्तुत लेखकाला मात्र हे विधान तपासून पाहणे अगत्याचे वाटते.

आमच्यातील दोन लिपिकांचेच उदाहरण घ्या. दोघांचे गुण जवळपास सारखे, दोघांनी एकाच खोलीत राहून अभ्यास केला. एक २००४ साली नोकरीस लागला, दुसरा २००६ साली. महाराष्ट्र शासनाने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या नेमणुकांसाठी जुनी निवृत्तिवेतन योजना बंद केली. पहिल्याला अखेरच्या मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळणार. दुसऱ्याच्या पगारातून अंशदान कापले गेले आणि त्याची म्हातारपणाची पुंजी बाजाराच्या चढउतारावर सोडली गेली. या फरकात कष्ट कोठे आणि आळस कोठे? मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचाऱ्यांनी केलेला संप याच प्रश्नावर होता. ज्यांच्या भरतीची जाहिरात त्या तारखेपूर्वी निघाली होती, त्यांना जुनी योजना निवडण्याची मुभा शासनाने २०२४ मध्ये दिली. त्या तारखेची काटेकोर अंमलबजावणी काहींवर अन्याय करणारी होती, याची ही एक प्रकारे कबुलीच म्हणावी लागेल.

अध्यापनाच्या क्षेत्रातही हेच घडले. २००० साली शिक्षणसेवक योजना आली आणि नवा शिक्षक पूर्ण वेतनाऐवजी तीन वर्षे मानधनावर राबू लागला. पुढे २०१२ मध्ये भरतीवर निर्बंध आले आणि पदविका घेऊन बसलेली मुले वर्षानुवर्षे तिष्ठत राहिली. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले असून, त्याची नेमणूक २००५ नंतरची आहे. त्यामुळे या विवेचनात त्याचा स्वतःचाही हितसंबंध आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

तथापि ज्यांना नोकरीच मिळाली नाही, त्यांची स्थिती अधिक बिकट आहे. शासकीय सेवेतील प्रवेशाची कमाल वयोमर्यादा २०१६ साली खुल्या प्रवर्गासाठी ३३ वरून ३८ आणि मागास प्रवर्गांसाठी ४३ वर्षे करण्यात आली. आमचा वर्ग आता ती दुसरी मर्यादाही ओलांडून गेला. आशेवर घालवलेल्या वर्षांचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात मांडला जात नाही.

वर्गातील मुलींविषयी तर बोलायलाच नको. मेळाव्याला आल्या त्या मोजक्याच. त्यांतील एकीने मुले मोठी झाल्यावर, चाळिशी उलटल्यानंतर पुन्हा पुस्तक हाती घेतले. वीस वर्षे तिने चालवलेल्या संसाराला अनुभव म्हणून कोठेही गुण नाहीत. पुरुषाने वाट बदलली तर त्याला धाडस म्हणतात. स्त्रीने बदलली तर 'आता या वयात कशाला' असे विचारतात.

यावर कोणी म्हणेल की, नोकरी सोडून धंदा काढलेले व त्यात यशस्वी झालेले मित्रही आहेतच. आहेत, आणि त्यांचे कौतुक केलेच पाहिजे. परंतु त्यांच्या मागे ओलिताची शेती, पगारदार पत्नी किंवा थोरला भाऊ उभा असल्याचे बहुधा आढळते. जोखीम पत्करण्याची क्षमता हा केवळ स्वभावाचा गुण नाही. पडलो तर सावरणारे कोणी आहे, या खात्रीतून ती येते. ज्या घरात एका पिकाच्या नासाडीने मुलांची फी थांबते, तेथे धाडस ही चैन ठरते.

म्हणून दोन गोष्टींचा आग्रह धरावासा वाटतो. पहिली अशी की, वृद्धापकाळाची सुरक्षितता नेमणुकीच्या तारखेला जखडलेली असू नये. नोकरी बदलणाऱ्या, मध्येच खंड पडलेल्या व खाजगी क्षेत्रात राबणाऱ्या माणसालाही तिचा किमान आधार मिळाला पाहिजे. दुसरी अशी की, चाळिशीतील माणसासाठी शिक्षणाची दारे खऱ्या अर्थाने उघडी हवीत. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये याच विचाराने स्थापन झाले. आमच्या जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इमारती सायंकाळी रिकाम्या असतात. तेथे प्रौढांसाठी हिशेब, संगणक, शेतमालावरील प्रक्रिया असे वर्ग चालवणे अशक्य नाही. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांनी प्रवेशद्वाराला कमान बांधून देण्याऐवजी अशा एका वर्गाचा खर्च उचलला, तर ते महाविद्यालयाचे ऋण अधिक चांगले फेडतील.

मेळाव्याच्या शेवटी सामुदायिक छायाचित्र काढण्यात आले. धानशेतीवर परतलेला आमचा मित्र त्यात नाही. शेवटची एस. टी. गाठायची आहे, असे सांगून तो आधीच निघून गेला होता. पदवीच्या परीक्षेत अर्थशास्त्रात वर्गात सर्वाधिक गुण त्याचे होते. पुढच्या मेळाव्यात त्याला थांबावेसे वाटावे, असे काही आपण करणार आहोत काय?