इसार देण्याआधी गच्ची
जुना फ्लॅट घेताना मराठी माणूस कागदपत्रांबाबत आता चांगलाच चोख झाला आहे. शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू, आधीच्या करारांची साखळी, वकिलाचा सर्च रिपोर्ट हे सगळे हातात आल्याखेरीज तो इसार देत नाही. प्रत्यक्ष घर मात्र वीस मिनिटांत उरकतो. हॉल केवढा, किचनला ड्राय बाल्कनी आहे का, पार्किंगचे काय, एवढे विचारून खाली उतरतो. घर सर्वांत वरच्या मजल्यावर असले तरी आणखी एक जिना चढून गच्चीवर जाणारे थोडेच. माझे म्हणणे असे, की तीस-पस्तीस वर्षांच्या इमारतीत वरचा मजला घ्यायचा तर गच्ची आणि तिचा स्लॅब पाहिल्याशिवाय भावाची बोलणीच सुरू करू नयेत. तिथे खोट निघाली तर दुरुस्तीचा खर्च येतोच, शिवाय इमारतीचा जीव किती उरला आहे आणि सोसायटीच्या तिजोरीत किती आहे, हेही तिथेच कळते.

गळती म्हणजे छतावरचा डाग, रंग मारला की मिटला, ही समजूत घातक आहे. काँक्रीटचा अल्कधर्मी गुण आतल्या सळईला गंजापासून जपत असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे मुरत जाऊन तो गुण मारतो, किनाऱ्यालगत खारी हवा त्यात भर घालते, आणि मग पाणी पोहोचले की सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेत असल्याने काँक्रीट आतून फुटते आणि पोपडे सुटतात. आयएस 456 या मानकाच्या 1978 च्या आवृत्तीत स्लॅबच्या सळईवर सर्वसाधारणपणे किमान 15 मिलिमीटर काँक्रीट पुरेसे मानले होते. 2000 च्या आवृत्तीने सौम्य हवामानासाठीही ते 20 वर नेले आणि किनारी हवेला उघड्या काँक्रीटसाठी 45 मिलिमीटर सांगितले. 1980 आणि 90 च्या दशकांत मुंबई-ठाण्यात उभ्या राहिलेल्या इमारती या जुन्या हिशेबातल्या. मे 2021 मध्ये उल्हासनगरात दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब खालचे मजले घेऊन कोसळले आणि माणसे दगावली. स्लॅब कमकुवत होण्याची किंमत केवढी असू शकते, ती अशी.

बघायचे काय? आधी घरातले छत. रंग ताजा असेल आणि फक्त एकाच खोलीत पीओपीचे फॉल्स सीलिंग नव्याने केलेले असेल तर ते का केले, हे विचारावे. पंख्याच्या हुकाभोवती तांबूस वर्तुळ, संडास-बाथरूमच्या छतावर पांढरट क्षार, सळईच्या रेषेत सरळ जाणारी चीर, ही लक्षणे रंगाखालूनही डोकावतात. जिथे शंका येईल तिथे हातोडीने हलके ठोकावे. पोकळ आवाज आला तर काँक्रीट सुटले आहे. मग गच्चीवर. पाइपाच्या तोंडाशी पाणी साचल्याच्या खुणा, कठड्याच्या मुळाशी फुटलेला वाटा, टाकीखालची ओल. नवाकोरा कोबा दिसला की ग्राहक खूश होतो. मी मात्र तिथेच जास्त प्रश्न विचारीन. विटांच्या तुकड्यांचा चार इंची कोबा चौरस मीटरला सुमारे 200 किलो भरतो. वावरासाठी खुल्या गच्चीचा स्लॅब माणसांचा भार धरताना सहसा चौरस मीटरला 150 किलोचा हिशेब असतो. जुना थर न काढता त्यावर नवा थर, त्यावर चायना मोझॅक, असे दोनदा झाले असेल तर गळती थांबवण्याच्या नादात थकलेल्या स्लॅबवर केवढे ओझे चढवले, याचा विचार बहुधा कोणी केलेला नसतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: गच्ची सोसायटीची, गळली तर सोसायटी बघेल. उपविधींप्रमाणे छताची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायची हे खरे. पण सोसायटी म्हणजे उद्यापासून तुम्हीच. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या डोक्यावर पाणी पडत नाही, म्हणून हा विषय सर्वसाधारण सभेत वर्षानुवर्षे पुढे ढकलला जातो. तेव्हा गच्चीइतकाच सोसायटीचा ताळेबंद वाचावा. आदर्श उपविधींत दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंडासाठी 0.25 टक्के वर्गणी सांगितली आहे; ती खरोखर जमते का ते पाहावे. त्याच उपविधींनुसार 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवे. त्याचा अहवाल मागितल्यावर सेक्रेटरी चाचरले, तर त्यातूनही बरेच कळते.

दुसरे म्हणणे असते, इमारत पुनर्विकासाला जाणारच आहे, मग स्लॅबची चिंता कशाला? पुनर्विकासाचा ठराव, बिल्डर, करारनामा, परवानग्या यांत पावसाळ्यांमागून पावसाळे जातात आणि तोवर राहायचे असते त्याच छताखाली. तिसरे म्हणणे जास्त फसवे आहे: बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे घर ठीकच असणार. बँकेचा व्हॅल्युअर मुख्यतः किंमत ठरवायला येतो. तो काही स्लॅब ठोकून बघत नाही.

कायद्याची ढालही इथे तोकडी पडते. रेराखाली बांधकामातल्या दोषांची पाच वर्षांची जबाबदारी बिल्डरवर, तीही ताबा दिल्यापासून. जुन्या घराच्या विक्रेत्याला लागू होतो तो 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याचे कलम 55 दोष सांगण्याचे बंधन घालते खरे, पण खरेदीदाराला साधारण काळजी घेऊन जो दिसला नसता अशाच दोषापुरते. छतावरची ओल नीट पाहणाऱ्याला दिसते, म्हणून न पाहिल्याचा भुर्दंड खरेदीदारावरच येण्याची शक्यता मोठी. 80 लाखांच्या फ्लॅटवर मुंबईत सहा टक्क्यांनी 4 लाख 80 हजार मुद्रांक शुल्क निमूट भरणाऱ्याला स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी जड वाटावी, याचे मला नवल वाटते. थकबाकी नसल्याच्या दाखल्यासोबत ताज्या ऑडिटचा गोषवारा देणे सोसायट्यांना सक्तीचेच करावे. त्याने भाव पडतील अशी विक्रेत्यांची ओरड होईल. ज्यांची गच्ची खराब आहे त्यांचे पडतील, आणि वर्षानुवर्षे निधी भरून गच्ची राखणाऱ्यांना आज न मिळणारा चार पैशांचा फरक मिळेल.