अर्जात वर्धा कुठे आहे?

परदेशी विद्यापीठात एक सत्र शिकायला मिळावं म्हणून अर्ज करणारी मुलं हल्ली आपला निबंध दाखवायला माझ्याकडे येतात. ‘तुम्हालाच का निवडावं?’ या प्रश्नाची उत्तरं बहुतेक एकसारखी: मला जग पाहायचंय, तुमचं विद्यापीठ थोर आहे. देवळी-आर्वीची मुलं पुण्या-मुंबईच्या मुलांसारखं लिहितात. त्यात घरची पराटी नाही, बोंडअळीनं खाल्लेला हंगाम नाही, पवनारची धाम नदीही नाही. का, तर लाज वाटते!

अहो, आदानप्रदानात घेणं आहे तसं देणंही आहे. १९९७ साली वर्ध्यात हिंदी विद्यापीठ सुरू झालं, तिथं परदेशी विद्यार्थी हिंदी शिकायला आले. ते काही पुणं पाहायला आले नव्हते. जे. सी. कुमारप्पांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अभ्यासाला विषय घेतला तो आपल्याच देशाच्या गरिबीचा आणि सरकारी जमाखर्चाचा. पुढे १९३४ साली ग्रामोद्योग संघ निघाला आणि ते वर्ध्याच्या मगनवाडीत येऊन राहिले.

पैशाची अडचण खरीच आहे. फी इथंच भरायची असली, तरी विमानभाडं आणि व्हिसासाठी दाखवायची बँकेतली शिल्लक कापसावर जमत नाही. त्यासाठी विद्यापीठांनी हात पुढे करायला हवा. पण घरच्यांनो, निबंध तरी विकत आणू नका. व्याकरण मी तपासून देईन. पराटीबद्दल मात्र पोरांनाच लिहू द्या.