चुना नंतर, काटा आधी

गेल्या एप्रिलमध्ये साखळीजवळच्या आमच्या काजूच्या बागेत माझे तियू, म्हणजे काका, बोंडू गोळा करत होते. मधमाश्यांनी त्यांना तीन डंख मारले. शामाय म्हणाली, "चुना लाव रे, आत्ता उतरेल." चुन्याची डबी सापडेना. कुणी लोखंड घासायला सांगितलं, कुणी रॉकेल. तियू हसत होते, "मला काय पहिल्यांदा चावली?" पंधरा मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, आवाज बसला, श्वास लागला. शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं आणि ते वाचले. पण डॉक्टरांचा प्रश्न अजून माझ्या कानात आहे : "इतका वेळ काय करत होता?"

आम्ही चुना शोधत होतो.

आपण 'मधमाशी चावली' म्हणतो, पण ती चावत नाही, काटा टोचते. काट्याला उलटी दातं असतात, म्हणून तो विषाच्या पिशवीसकट आपल्या कातडीत राहतो आणि माशीपासून तुटल्यावरही विष सोडत राहतो. काटा नखाने खरवडावा की चिमटीत धरून उपटावा, यावर आपल्याकडे वाद घालतात. 'लॅन्सेट'मध्ये 1996 साली आलेल्या एका अभ्यासाने सांगितलं की पद्धत महत्त्वाची नाही, वेळ महत्त्वाचा. मग साबण-पाण्याने धुवायचं, बर्फ लावायचा. बहुतेकांना एवढं पुरतं.

सगळ्यांना नाही. श्वास लागणं, ओठ-जीभ सुजणं, अंगभर गांधी उठणं, चक्कर येणं, यातलं काही दिसलं तर घरगुती उपाय थांबवा आणि 108 ला फोन करा. अशा वेळी ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं, ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेत नाही. 'आधी चावली तेव्हा काही झालं नव्हतं' हा तर खोटा धीर. शरीर आधीच्याच डंखांमुळे संवेदनशील झालेलं असू शकतं. आणि एकदम खूप डंख झाले, तर ॲलर्जी नसली तरी विषाने मूत्रपिंडं बिघडू शकतात. माणूस ठीक दिसला तरी त्याला दवाखान्यात न्या.

मार्च 2025 मध्ये शिवनेरीवर शिवभक्तांवर माश्या तुटून पडल्या. अजिंठ्याहूनही अशा बातम्या येतात. आपणही हरवळेच्या धबधब्यावर घोळक्याने जातो, तेव्हा आधी वर कड्याकडे बघावं. आग्या मोहोळाखाली धूर नको, दगड तर नकोच. एका डंखाचा वास बाकीच्या माश्यांना बोलावतो. हल्ला झालाच तर तोंड झाकून पळा, बंद खोलीत किंवा गाडीत शिरा. पाण्यात उडी मारू नका, माश्या वर वाट बघतात.

त्या रात्री वाड्यावरच्या मुलांनी ते पोळं जाळलं. मला ते पटलं नाही. "माणूस मोठा की माशी?" असं मला विचारलं गेलं. अर्थात माणूस. शाळेच्या खिडकीवर पोळं असेल तर ते हलवायलाच हवं, पण जाणकाराकडून. बागेच्या टोकाला, माणसांच्या वाटेपासून लांब असलेलं पोळं जाळून आपण कुणाला शिक्षा देतो? काजूच्या मोहरावर परागीभवन करणाऱ्यांत याही माश्या आहेत. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर 2022 मध्ये 'मधाचं गाव' झालं, तिथे लोक माश्यांबरोबर राहतातच ना? पास्काच्या जागरणात आमच्या इगर्जीत मेणबत्तीची स्तुती गातात, त्यात मधमाशीच्या कष्टांचा उल्लेख येतो. ती स्तुती ऐकून घरी यायचं आणि पेटता पलिता घेऊन निघायचं, हे मला जमत नाही.

कॉलेजकडे माझी मागणी छोटी आहे. सहलीच्या यादीत नावापुढे 'ॲलर्जी?' असा एक रकाना ठेवा. सोबत जाणाऱ्या प्रत्येकाला वरच्या चार गोष्टी सांगा. याला खर्च काही नाही.

शामाय अजूनही चुन्याची डबी जपून ठेवते. ठेवू दे. फक्त आता ती आधी विचारते, "काटा काढला?"