मुरायला ठेवलेली वर्षे

या सदरात दर आठवड्याला मी एखादा मराठी शब्द घेऊन बसतो, हे नेहमीच्या वाचकांना सांगायला नकोच. दिवाळी अंकासाठी संपादकांनी ऐसपैस जागा दिली, तेव्हा शब्दही तसाच ऐसपैस घेतला : मुरणे. लोणचे मुरते, पाऊस जमिनीत मुरतो, ताप अंगात मुरतो, गुलाबजाम पाकात मुरतात आणि कचेरीत तीस वर्षे काढली की कारकूनही मुरतो. कुठे तरी पाणी मुरते ते निराळेच! पण या शब्दाचा ऐवज मला पुरता कळला तो लोणच्याच्या बरणीपाशी नव्हे; इटलीतल्या एका टेकडीवर, आणि तोही मद्याच्या पेल्यातून. फराळाच्या ताटाशेजारी हा विषय काढला म्हणून आजीमंडळींनी रागावू नये. वैद्यबुवांचे द्राक्षासव त्यांनीही चमचा-चमचा घेतलेले आहे.

झाले असे की आमची भाची वास्तुशास्त्र शिकायला तुरिनला गेली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात मी व सौ. तिला भेटायला म्हणून निघालो. तिचे घरमालक चौऱ्याहत्तर वर्षांचे विधुर गृहस्थ. सारी उमेद फियाटच्या कारखान्यात गेलेली. आपल्या मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी ही मूळची याच फियाटची लेक, आणि आम्ही तिथे होतो त्याच महिन्यात ती मुंबईच्या रस्त्यावरून कायमची उतरली. हे मी त्यांना सांगितले तेव्हा म्हाताऱ्याने आपल्याच घरचे कोणी गेल्यासारखी मान हलवली. बहुधा त्या ओळखीवरच त्यांनी आम्हाला एका रविवारी आपल्या गावाकडे नेले. भाची दुभाषी म्हणून सोबत होतीच.

तुरिनच्या दक्षिणेला, मोटारीने तास-दीड तासावर लांगे नावाचा टेकड्यांचा प्रदेश आहे. जिकडे पाहावे तिकडे द्राक्षवेलींच्या रांगा, विंचरलेल्या केसांसारख्या. त्या टेकड्यांत बारोलो नावाचे एक चिमुकले गाव आहे आणि त्याच नावाचे मद्य तिथे व आसपासच्या दहा गावांत मिळून होते. पुस्तकांतून त्याला 'मद्यांचा राजा' म्हणतात. अशा पदव्यांचे मला फारसे कौतुक नाही. कौतुक आहे ते तिथल्या नियमाचे. द्राक्षे फक्त नेब्बिओलो जातीची. ती काढली त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून ३८ महिने मद्य तळघरात थांबले पाहिजे, त्यांतले १८ महिने लाकडी पिंपात. 'रिझेर्वा' म्हणवून घ्यायचे तर ६२ महिने. म्हणजे आम्ही गेलो त्या वर्षी दुकानात आलेला माल २०१९ च्या तोडणीचा! आपल्याकडे तेवढ्या अवधीत मूल बालवाडीत जाते.

नेब्बिओलो हे द्राक्षही मोठे हट्टी. वसंतात इतरांच्या आधी डोळे उघडते आणि पिकते मात्र सगळ्यांच्या मागून, टेकड्यांवर धुके उतरू लागल्यावर. इटालियनमध्ये धुक्याला नेब्बिआ म्हणतात, त्यावरून नाव पडले असे सांगतात. व्युत्पत्तीच्या बाबतीत मी सहसा संशयी असतो, पण त्या दिवशी समोरची दरी धुक्याने काठोकाठ भरलेली पाहिली आणि वाद घालायचा उत्साह राहिला नाही.

एका तळघरात आम्हाला त्या २०१९ च्या मद्याचा पेला मिळाला. आधी पेला पांढऱ्या कापडावर तिरपा धरून रंग पाहायचा. मला वाटले होते, एवढा दरारा, तर रंग शाईसारखा गडद असेल. तो निघाला कोकमाच्या पातळ सरबतासारखा. पलीकडची बोटे दिसावीत इतका. मग पेला गोल फिरवून वास घ्यायचा. जाणकार म्हणतात, बारोलोला गुलाबाचा आणि डांबराचा वास येतो. मी हे सौ.ला सांगितले. तिने नाक पेल्यात घातले, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाली, "खरंच की हो! रस्त्याचं डांबरीकरण चाललंय आणि शेजारून कुणी गुलाबाचा हार घेऊन गेलंय."

मग घोट. वाचकहो, मी सांगतो, जांभळाची गोडी वजा करा आणि त्यात कच्चा आवळा मिळवा. जीभ जड झाली, हिरड्या आवळल्या गेल्या, गालांची आतली बाजू दातांना चिकटते की काय असे वाटले. द्राक्षाच्या सालीत आणि बीत टॅनिन नावाचे द्रव्य असते. ते लाळेतल्या प्रथिनांना धरून बसते, तोंडातला ओलसर गुळगुळीतपणा जातो आणि सगळे खरखरीत होते. पाश्चात्त्य शास्त्रज्ञ याला चव मानतच नाहीत. ते म्हणतात, हा स्पर्श. आपल्या वैद्यांनी मात्र त्याला कषाय म्हणून सहा रसांत मानाने बसवले. आणि मराठीने काय सुरेख शब्द दिला पाहा : तुरट. तिथे आलेल्या एका इंग्रज जोडप्याला नेमका शब्द सापडेना. शब्दकोशातला एक बोजड शब्द काढून त्यांनी वेळ भागवली. आपल्याकडे तो शब्द आवळा खाणाऱ्या पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतो.

"हे आवडायचं असतं?" सौ.ने हळूच विचारले. घरमालकांनी भाचीकडून अर्थ समजून घेतला आणि हसून म्हणाले, "आज नाही. पंधरा वर्षांनी."

यातच सारे आले. तो तुरटपणा हा दोष नव्हे, भांडवल आहे. बाटलीत पडल्या पडल्या टॅनिनचे कण एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जोडले जातात, त्यांतले काही जड होऊन गाळ म्हणून तळाशी बसतात. घोट मवाळ होतो, लाल रंगाला विटकरी कड येते, आणि गुलाब व डांबर यांच्या जागी वाळली पाने, कातडे, ओल्या मातीतली भूछत्रे असले वास येऊ लागतात. आंबटपणा मात्र जागच्या जागी राहतो. तोच म्हातारपणी त्याला ताठ उभा ठेवतो. मुळात ज्यात तुरटपणा आणि आंबटपणा नाही ते मद्य ठेवले तर नुसते म्हातारे होते, मुरत नाही. कच्च्या करकरीत कैरीचेच लोणचे घालतात, पिकल्या आंब्याचे नाही, हे आमच्या आईला कुठल्याही रसायनशास्त्रावाचून कळत होते.

इथवर गोष्ट गोड आहे. पण त्या वाटेवर घरमालकांनी मोटार थांबवली आणि एका उतारावरची जमीन दाखवली. ती एके काळी त्यांच्या वडिलांची. द्राक्षे उत्तम येत. पण वडिलांनी आयुष्यात मुरलेले बारोलो चाखले नाही. तोडणी झाली की द्राक्षे गाडीत घालून आल्बाच्या बाजारात न्यायची आणि व्यापारी सांगेल त्या भावाला द्यायची. सकाळी दिलेला भाव संध्याकाळी उतरायचा आणि फळ तर नासू लागलेले. पिंपे, तळघर, वर्षानुवर्षे अडकलेला पैसा हे सारे व्यापाऱ्याकडे. घरी प्यायला दोल्चेत्तो, वर्षभरात संपवायचे साधे मद्य. आल्बाचाच लेखक बेप्पे फेनोल्यो याची 'ला मालोरा' ही १९५४ ची छोटी कादंबरी आहे. तिच्यात या टेकड्यांवरचा एक पोरगा दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून धाडला जातो. घरमालक म्हणाले, "ते मला वाचावं लागलं नाही." १९६८ साली, एकोणिसाव्या वर्षी ते जमीन सोडून फियाटमध्ये गेले.

तेव्हा मुरणे म्हणजे धीर, असे आम्ही पोटभर जेवलेल्या माणसांनी म्हणणे सोपे. धीराला भांडवल लागते.

हे ध्यानात घेतले म्हणजे तिथे बापलेकांत जे झाले त्याचा उलगडा होतो. जुनी रीत अशी की रस सालींसकट महिना-महिना, कधी दोन महिनेही ठेवायचा आणि मग हजारो लिटरच्या जुन्या प्रचंड पिंपांत वर्षांमागून वर्षे. १९७६ साली एलिओ आल्तारे नावाचा एक तरुण शेतकरी फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात जाऊन आला. तिथले द्राक्षवाले सुखात; इथे घरात पैसा नाही. त्याने ठरवले, साली थोडेच दिवस ठेवायच्या, २२५ लिटरची नवी फ्रेंच पिंपे आणायची आणि लवकर पिता येईल असे मद्य करायचे. वडील ऐकेनात. १९८३ साली त्याने यांत्रिक करवत घेतली आणि वडिलांची जुनी पिंपे कापून टाकली. वडिलांनी त्याला वारसाहक्कातून काढून टाकले. वेल मोजून खाणाऱ्या घरात पिंपे कापणे म्हणजे काय, ते आपल्याकडे बैल विकून ट्रॅक्टर आणणाऱ्या पोराच्या बापाला विचारावे.

दुसऱ्या बाजूला बार्तोलो मास्कारेल्लो. खुद्द बारोलो गावातला हा म्हातारा जुन्या पिंपांना शेवटपर्यंत चिकटून राहिला. बाटलीवरच्या चिठ्ठ्या हाताने रंगवायचा. एकीवर त्याने लिहिले, लहान पिंपेही नकोत आणि बेर्लुस्कोनीही नको! २००५ साली तो गेला. त्याच्या लेकीने त्याच रीतीने काम चालू ठेवले.

यांत बरोबर कोण? माझा ओढा बार्तोलोकडे आहे हे लपवत नाही; नव्या लाकडाचा व्हॅनिलासारखा वास गुलाबावर कुरघोडी करतो असे माझ्या नाकाचे मत पडले. पण त्या करवतीच्या आवाजाने जग बारोलोकडे वळले, शेतकरी स्वतःच्या नावाने बाटल्या भरू लागला आणि तरुण मुले टेकड्यांवर राहिली, हे कबूल केले पाहिजे. पुढे पुष्कळांनी मोठी पिंपे परत आणली आणि साली ठेवण्याचे दिवसही बेताचे केले. २०१४ साली युनेस्कोने या टेकड्यांना जागतिक वारसा ठरवले. तिथल्या जमिनीचा आजचा भाव घरमालकांनी सांगितला नाही. आम्हीही विचारला नाही.

परतल्यावर त्यांनी रात्री जेवायला बोलावले. आदल्या दिवसापासून एक बाटली मेजावर उभी होती, गाळ तळाशी बसावा म्हणून. १९९० ची. त्यांचा मुलगा १९९० चा. मुलगा चार वर्षांचा झाला तेव्हा ते मद्य विक्रीला आले आणि कामगाराच्या पगारातून त्यांनी सहा बाटल्या घेतल्या. तळघरात अंधारात आडव्या ठेवल्या. बूच ओले राहिले पाहिजे. पहिली मुलाच्या अठराव्या वाढदिवसाला उघडली. त्याने तोंड वेडेवाकडे केले आणि कोकाकोला मागितला. दुसरी तो पदवीधर झाला तेव्हा. तिसरीचे बूच नासले होते, सगळी मोरीत ओतावी लागली. चौथी बायको गेली त्या दिवशी. "ती कशी होती?" मी विचारले. "आठवत नाही," ते म्हणाले.

ही पाचवी. हळूहळू, दिव्यासमोर धरून त्यांनी ती दुसऱ्या भांड्यात ओतली आणि गाळाची पहिली रेघ मानेपाशी येताच थांबले. रंग विटकरी, कडेला नारिंगी. तुरटपणा होता, पण आवळा खाऊन वर पाणी प्यावे तेव्हा जेवढा उरतो तेवढाच, आणि त्यामागून तशीच गोडी. मुलगा जर्मनीत असतो आणि बियर पितो. आम्ही चौघे बराच वेळ काही बोललो नाही. मग सौ. भाचीला म्हणाली, "त्यांना सांग, पहिल्यांदा मी विचारलं होतं ते विसरा म्हणावं."

निघताना त्यांनी २०१९ ची एक बाटली आमच्या हाती दिली आणि बजावले, १२-१४ अंशांत ठेवा, २०३५ च्या आत उघडू नका. पुण्याचा एप्रिल त्यांना कसा समजावून सांगावा? १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो म्हणून तो काढला. आता ती फ्रिजमध्ये भाज्यांच्या कप्प्यात आडवी आहे. शेजारी कैरीच्या लोणच्याची बरणी. दर महिन्याला बरणी बाहेर निघते, बाटली तिथेच राहते. माझ्या निवृत्तीचे साल आणि बाटलीचे साल जवळजवळच येते, असा हिशेब मी परवा सौ.पुढे मांडला. ती म्हणाली, "फ्रिज टिकेल का तोवर, ते आधी बघा."