मुंबई ते कोलकाता : अंतर, वेळ आणि सूर्यास्त

श्री सम्मेदशिखरजी ही वीस तीर्थंकरांची निर्वाणभूमी. तेथील यात्रेसाठी महाराष्ट्रातील अनेक श्रावक-श्राविका मुंबईहून विमानाने कोलकात्यास जातात आणि पुढे रेल्वेने पारसनाथ स्थानक गाठतात. आखणी करताना तिकिटावरील निघण्याची व पोहोचण्याची वेळ पाहिली जाते. रात्रिभोजनत्यागाचे व्रत पाळणाऱ्यांनी मात्र आणखी एक वेळ पाहावयास हवी. ती म्हणजे कोलकात्याच्या सूर्यास्ताची.

या दोन विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे १६६० किलोमीटर आहे. ताशी आठशे-साडेआठशे किलोमीटर वेगाने ते दोन तासांत संपावे. परंतु धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे आणि उतरताना वेग कमी करणे यांमुळे अडीच ते पावणेतीन तास धरावे लागतात. परतीचे अंतर तेवढेच असूनही थोडा अधिक वेळ लागतो, कारण त्या उंचीवर, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात.

दोन्ही नगरांत घड्याळ एकच, सूर्यास्त मात्र वेगळा. मुंबई सुमारे ७३ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर कोलकाता साडेअठ्ठ्याऐंशी अंशांवर. एका अंशास चार मिनिटे या हिशेबाने कोलकात्यात सूर्य सुमारे एक तास आधी उगवतो आणि आधीच मावळतो. डिसेंबरच्या आरंभी मुंबईत सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. कोलकात्यात तो पाचच्या आतच होऊन जातो.

दुपारी अडीचच्या विमानाने निघालेला यात्रेकरू पाचनंतर उतरतो. मुंबईच्या सवयीने त्याला वाटते, भोजनास अजून अवधी आहे. प्रत्यक्षात बाहेर अंधार पडू लागलेला असतो. चौविहार करणाऱ्या वृद्धांना अशा वेळी पाण्यावाचून रात्र काढावी लागते. परतीच्या प्रवासात याउलट दिवस लांबतो.

विमानात आणखी एक संभ्रम होतो. जमिनीवर सूर्य मावळल्यानंतरही दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून तो काही मिनिटे दिसत राहतो. अशा वेळी कोणता सूर्यास्त मानावा, हे आपल्या गुरुमहाराजांना आधीच विचारून घ्यावे. त्याहून सोपे म्हणजे सकाळचे विमान निवडणे. ते शक्य नसल्यास भोजन व पाणी निघण्यापूर्वीच आटोपणे. सोबत वृद्ध असल्यास तिकीट काढण्याआधी पंचांगात कोलकात्याचा सूर्यास्त अवश्य पाहावा.

कोलकात्याहून पारसनाथ सुमारे तीनशे किलोमीटर, आणि मधुबनपासून पर्वताची वंदना सत्तावीस किलोमीटरची. मुनिराज व साध्वीजी हे सारे अंतर पायीच चालतात. त्यांचा विहार सूर्याच्या साक्षीनेच होतो. विमानाने जाणाऱ्या श्रावकाचा वेळ वाचतो खरा. त्यातील थोडासा त्याने व्रताच्या पूर्वतयारीस दिला, तर यात्रा निर्विघ्न आणि व्रत अखंड राहते.