वाळवंटाची सहल आणि पेठचा रस्ता

दिवाळीची सुट्टी लागली की नाशिकहून जैसलमेरकडे मोटारी निघतात, यात आता नवल राहिलेले नाही. एके काळी सुट्टी म्हणजे आजोळ असे. आज आई-वडील, दोन मुले, डब्यांत चिवडा-चकली आणि पुढे हजार किलोमीटरांहून अधिक रस्ता. याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. मुलांनी देश पाहावा आणि थांबत थांबत पाहावा, हे उत्तमच. प्रश्न एवढाच की, एवढ्या लांब नेऊन त्यांना दाखवावयाचे काय? उंटाची फेरी, समच्या वाळूवरील सूर्यास्त आणि रात्री तंबूसमोरचा नाच एवढ्यातच बहुतेकांचे वाळवंट संपते.

वस्तुतः तेथे पाहावयाचे ते पाणी. जैसलमेरला वर्षाकाठी सरासरी सुमारे दोनशे मिलिमीटरच पाऊस पडतो. तरीही 14 व्या शतकात महारावळ गडसी यांनी बांधून घेतलेल्या गडीसर तलावाच्या आधाराने हे शहर शतकानुशतके जगले. पालीवालांनी उतारावर बांध घालून पावसाचे वाहते पाणी अडविले, ते जमिनीत मुरू दिले आणि त्या ओलीवर रब्बीचा गहू व हरभरा काढला. या शेतांना खडीन म्हणतात. वाळूखाली जेथे जिप्समचा थर आहे, तेथे तो पावसाची ओल खाली उतरू देत नाही. लोक अरुंद विहिरी खणून ती थेंबाथेंबाने गोळा करतात. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या ‘राजस्थान की रजत बूँदें’ या पुस्तकात अनुपम मिश्र यांनी ही सारी विद्या नोंदवून ठेवली आहे. सहलीला निघण्यापूर्वी घरातील एकाने तरी ते वाचावे.

याच शहरात पाहुण्यांनी केलेली हानीही दिसते. जैसलमेरचा किल्ला आजही वसता आहे. मोजके पाणी वापरणाऱ्यांसाठी बांधलेल्या त्या तटबंदीत हॉटेले झाली, नळ व न्हाणीघरे आली, सांडपाणी पायाखालच्या ठिसूळ खडकात झिरपले आणि बुरूज ढासळू लागले. 1996 साली जगातील धोक्यात आलेल्या वास्तूंच्या यादीत त्याचे नाव आले. 2013 साली तो जागतिक वारसा ठरला, म्हणून झिरपा थांबला असे नव्हे. किल्ला पाहावा, मुक्कामाला मात्र खाली उतरावे, एवढा नेम नाशिककरांनी पाळावयास हरकत नसावी.

परंतु आम्हांला खरे बोलावयाचे आहे ते या प्रवासाच्या पहिल्या तासाविषयी. गुजरातेत उतरण्यासाठी अनेक जण पेठचा रस्ता धरतात. सावळघाट, कोटंबीचा घाट, दोन्ही बाजूंस हिरवे डोंगर. मुले खिडकीतून डोके बाहेर काढून पाहतात. या तालुक्यात जैसलमेरच्या कितीतरी पट पाऊस पडतो. पण तीव्र उतार आणि कातळ यांमुळे ते पाणी दमणगंगा, नार, पार यांच्या वाटेने अरबी समुद्रास मिळते आणि एप्रिल-मेमध्ये येथल्याच पाड्यांवरील बाया हंडे घेऊन आटलेल्या विहिरींच्या तळाशी उतरतात. अनेक गावांना टँकरची वाट पाहावी लागते. वाळवंटातील युक्ती येथे जशीच्या तशी चालणार नाही, हे मान्य. बेसाल्टचा कातळ म्हणजे वाळू नव्हे. तथापि वनराई बंधारे, झऱ्यांची राखण, गावतळ्यांतील गाळ काढणे ही कामे काही अज्ञात नाहीत. ती चिकाटीने आणि वेळेवर होत नाहीत. मेमधील टँकरची निविदा मात्र निघावयाची राहत नाही.

दिवाळीत जाणाऱ्यास यांतले काहीच दिसत नाही, कारण तेव्हा ओढे अजून वाहत असतात. म्हणून जैसलमेर पाहून आलेल्या कुटुंबांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन पुन्हा एकदा याच रस्त्याने निघावे. या वेळी सीमा ओलांडावयाची गरज नाही. नाशिकपासून पेठ साठ किलोमीटरांच्या आतच आहे. सकाळी लवकर निघाल्यास विहिरीवरील गर्दी पांगण्यापूर्वी पोहोचता येते. निघताना पिण्याचे पाणी मात्र घरूनच न्यावे.