तिसरी घंटा : अर्ध्या नाटकाचं भाडं कोण भरणार?

1983च्या जुलैत न्यूयॉर्कमध्ये 'संडे इन द पार्क विथ जॉर्ज' नावाचं संगीत नाटक लागलं. संगीत स्टीफन सॉन्डहाइमचं, संहिता आणि दिग्दर्शन जेम्स लपाइनचं. प्रयोग झाले 25, आणि त्यातल्या बहुतेकांना प्रेक्षकांनी फक्त पहिला अंक पाहिला, कारण दुसरा अजून बसलेलाच नव्हता. तो आला थेट शेवटच्या तीन प्रयोगांत. पुढच्या वर्षी नाटक ब्रॉडवेवर गेलं आणि 1985मध्ये त्याला पुलित्झर मिळालं. आपल्याकडे मध्यंतरानंतर पडदा उघडला नाही तर बुकिंगच्या खिडकीवर काय होईल, याची कल्पना वाचकांनी करावी.

हे अर्धं नाटक ज्या संस्थेनं लावलं, तिचं नाव 'प्लेराइट्स होरायझन्स'. रॉबर्ट मॉस यांनी ती 1971मध्ये काढली. नवीन अमेरिकी नाटककार आणि त्यांची नवी नाटकं, एवढाच तिचा धंदा; आणि धंदा म्हणायचा तर नफा न कमावण्याचा. तिकिटांतून खर्च निघणार नाही हे तिथे पहिल्या दिवसापासून धरलेलंच असतं. उरलेलं देणग्यांतून आणि अनुदानांतून उभं करायचं. त्या पैशातला एक वाटा पडदा उघडण्याच्या कितीतरी आधी खर्ची पडतो : लेखकाला आगाऊ मानधन, वाचनं, कार्यशाळा, पुन्हा लिहिणं, पुन्हा वाचणं. आपल्याकडचा हिशेबनीस ज्याला 'अजून काहीच झालं नाही' म्हणेल, त्यालाच तिथे काम म्हणतात.

त्याच 1971मध्ये मुंबईत अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे प्रभृतींनी 'आविष्कार' सुरू केली. 1974पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात जी प्रायोगिक नाट्यचळवळ घडली, तिच्यावर इतकं लिहून झालंय की मी भर घालत नाही. मला त्या चळवळीच्या जमाखर्चात रस आहे. कारण आपण नेहमी म्हणतो, 'तेव्हा पैसे नव्हते, पण तळमळ होती.' हे अर्धसत्य आहे. पैसे होते. फक्त ते देणगी म्हणून येत नव्हते.

पुण्याकडे पाहा. 'घाशीराम कोतवाल'चे 19 प्रयोग झाल्यावर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन अर्थात पीडीए या संस्थेनं नाटक थांबवलं आणि ते करणारी मंडळी बाहेर पडली. 27 मार्च 1973 रोजी त्यांची 'थिएटर अकादमी' उभी राहिली. आता त्यातली नावं बघा. जब्बार पटेल डॉक्टर. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. 'महानिर्वाण' आणि 'बेगम बर्वे' लिहिणारे सतीश आळेकर बी. जे. मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्रज्ञ. बाकीच्या प्रायोगिक संस्थांचीही गत तीच : बँकवाले, एलआयसीवाले, प्राध्यापक, सरकारी बाबू. पाच-साडेपाचला ऑफिस सुटायचं, एक तारखेला पगार व्हायचा, आणि माणूस महिनोन्‌महिने फुकट तालमी करू शकायचा. मराठी प्रायोगिक नाटकाचा सर्वांत मोठा देणगीदार म्हणजे कायम नोकरी. दुसरा देणगीदार शाळा. सुलभाताई छबिलदासमध्ये शिक्षिका होत्या, हा तपशील मला कुठल्याही नाट्यविषयक जाहीरनाम्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

या पगारानं विकत घेतलेला वेळ नाटकात कुठे जातो? 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधलं बेणारेचं शेवटचं स्वगत संहितेत आधी नव्हतंच. दिग्दर्शक अरविंद देशपांडे मागे लागले आणि नाटककार विजय तेंडुलकरांना ते लिहावं लागलं, ही हकिगत नाटकवाल्यांत तोंडपाठ आहे. त्या स्वगताशिवाय ते नाटक आज आठवून पाहा! लेखकाच्या मानगुटीवर बसणारं कोणीतरी लागतं, आणि बसायला सवड लागते.

ही सवड रोख पैशात विकत घ्यायचा प्रयत्न आपल्याकडेही झाला होता. 1985 ते 1994 या काळात थिएटर अकादमीनं फोर्ड फाउंडेशनच्या मदतीनं नाटककारांसाठी आणि महाराष्ट्रभरच्या नाट्यसंस्थांसाठी विकास योजना राबवली. तिच्यामागे आळेकर होते. परदेशी पैसा म्हणून तेव्हा नाकं मुरडली गेली. मुरडावीत, पण मग देशी पैसा कोण देणार होतं? योजना संपली, आणि तिच्या जागी तेवढ्या ऐपतीचं काही उभं राहिलेलं मला तरी दिसत नाही.

आज लेखक नाहीत असं कोणी म्हणत असेल तर त्यानं पुरुषोत्तम करंडकाच्या प्राथमिक फेरीला जाऊन बसावं. 1963पासून ही एकांकिका स्पर्धा नवी पोरं समोर आणतेय. अडचण एकांकिकेच्या पुढच्या पायरीवर आहे. बक्षीस घेतलेला मुलगा मालिकेच्या लेखनात शिरतो. रोज रात्री एपिसोड पाठवायचा असतो. नट डेली सोपच्या शिफ्टमध्ये. पाचला सुटणारं ऑफिस कोणाकडेच नाही. अशा मंडळींकडून फुकट तालमींची अपेक्षा करणारे ज्येष्ठ स्वतः मात्र पेन्शन घेत असतात, हे मी जरा खवचटपणे नोंदवतो.

पैसा अगदीच नाही असंही नाही. महोत्सव होतात, फ्लेक्स लागतात, स्मरणिका छापल्या जातात, सत्काराच्या शाली निघतात. 2013च्या कंपनी कायद्यात सामाजिक कामांच्या यादीत कला आणि संस्कृतीचं संरक्षण बसतं. पण कंपनीच्या अधिकाऱ्यासमोर 'सहा महिने एक बाई घरी बसून दुसरा अंक तिसऱ्यांदा लिहिणार आहे' असा प्रस्ताव ठेवला, तर तो फोटो कसला काढायचा हे विचारील. मसुद्याचा फोटो येत नाही.

पगारी वेळ दिला की नाटक चांगलंच होतं, असा माझा दावा नाही. अमेरिकेतल्या या कार्यशाळांवर तिथलेच लोक करवादतात, की नाटक इतकी वर्षं नुसतं 'विकसित' होत राहतं आणि रंगमंचावर येतच नाही. ती भीती खरी आहे. म्हणून वाचन आणि प्रयोग एकाच छपराखाली असणारी संस्था हवी. नुसती शिबिरं घेणारी नको.

आमच्या नाट्यसंस्थांच्या विश्वस्तांना माझं मागणं साधं आहे. पुढच्या वर्षीच्या महोत्सवातला एक दिवस कमी करा. मंडप, ध्वनी, पाहुण्यांची हॉटेलं यांतून जे वाचेल, ते एका लेखकाला आणि एका खडूस दिग्दर्शकाला सहा महिन्यांसाठी द्या. मध्ये दोनदा तिकीट लावून जाहीर वाचन करा. जागेसाठी महापालिकेच्या शाळांकडे जा. छबिलदास सुटल्यावर आविष्कारलाही माहीमच्या पालिका शाळेनंच आसरा दिला होता. वर्ग सुटल्यावर त्या सभागृहांचं भाडं किती घ्यायचं, हे ठरवणारे नगरसेवक मतांसाठी दारात येतीलच. तेव्हा त्यांना रस्ते आणि पाणी विचारून झालं की हेही विचारा.